दोरी, ओळंबा आणि स्टीलची पट्टी: चाकांचे कोन घरी कसे मोजायचे

चाकांचे कोन जुळवून, म्हणजे अलाइनमेंट करून, गाडी बाहेर आली की हातात एक कागद पडतो. लाल-हिरव्या चौकटी, त्यांत अंश आणि मिनिटं, आणि खाली शेरा: ‘कॅम्बर आउट, करेक्शन करावं लागेल.’ तो शेरा खरा आहे, की रिमवर यंत्राचा क्लॅम्प वाकडा बसल्यामुळे आलेला आहे, हे ओळखायला आपल्याकडे काही साधन नसतं असा बहुतेकांचा समज असतो. साधन असतं. गवंडी वापरतो तेच सामान आणि निवांत तीन तास. कोन तीन: टो, कॅम्बर आणि कॅस्टर; कोणता म्हणजे काय ते पुढे येईल. टो हा कोन घरी खरोखर नेमका मोजता येतो. कॅम्बर दोन युक्त्या वापरल्या तर कामापुरता नेमका येतो. कॅस्टर मात्र डाव्या-उजव्या चाकाची तुलना करण्यापुरताच धरावा, त्याच्या शेवटच्या दशांशाचा घरी हट्ट धरू नये.

या सगळ्यात एक नियम उपकरणापेक्षाही मोठा आहे. गाडी हलवून पुन्हा मोजल्यावर तोच आकडा आला, तरच तो आकडा. तीनदा मोजून तीन वेगळे आकडे येत असतील तर पाना पेटीतच राहू द्या.

पुढचं सगळं वर्णन आपल्याकडच्या नेहमीच्या छोट्या हॅचबॅकला धरून आहे: पुढची चाकं ओढणारी, पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई), १४ इंची रिम. दुसरी गाडी असेल तर रीत तीच, आकडे तिच्या मॅन्युअलमधले.

तीन कोन आणि एक हिशेब

टो म्हणजे गाडीची पावलं. वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली असली की टो-इन, फेंगडी असली की टो-आउट. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा माथा आत कललेला आहे की बाहेर. आत असेल तर उणे, बाहेर असेल तर अधिक. कॅस्टर समजायला सायकलच्या पुढच्या चिमट्याकडे बाजूने पाहा. तो वरून मागे कललेला असतो. मोटारीचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्षही तसाच मागे कललेला असतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते बरंचसं त्याच्यामुळे.

आता हिशेब. १४ इंच हा आकडा टायर बसतो त्या जागेच्या व्यासाचा असतो. रिमची बाहेरची कड साधारण ३८० ते ३९० मिमी भरते. ३८० मिमीवर १ मिमीचा फरक म्हणजे ०.१५ अंश, म्हणजे ९ मिनिटं. आपल्या रिमचा व्यास टेपने मोजा आणि ५७.३ ला त्या मिमीने भागा. १ मिमीमागे किती अंश ते मिळेल. हा एक आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं.

मिनिटांच्या बाबतीत हमखास घोळ होतो. ०°१०′ म्हणजे ०.१० अंश नव्हे. १ अंशात ६० मिनिटं असतात, तेव्हा १० मिनिटं म्हणजे ०.१७ अंश. मॅन्युअलमध्ये टो कधी मिमीत असतो, कधी अंशांत. कधी दोन्ही चाकांचा मिळून, कधी एका चाकाचा. तक्त्याच्या खालच्या बारीक टिपा वाचल्याशिवाय आकडा उतरवून घेऊ नका.

टोला इतकं महत्त्व का, तेही याच हिशेबातून कळतं. दोन्ही चाकांचा मिळून टो रिमवर ६ मिमी चुकला, तर दर किलोमीटरला प्रत्येक पुढचं चाक सुमारे ८ मीटर आडवं फरपटतं. कॅम्बर अर्ध्या अंशाने चुकला तर टायर हळूहळू एका कडेने झिजतो; टो एवढा चुकला तर काही हजार किलोमीटरांत रबर संपतं.

सामान

तंगूस किंवा गवंड्याची नायलॉन दोरी, २० मीटर. तंगूस बरा, कारण तो बारीक असतो आणि पट्टीवर कुठे पडतो ते स्पष्ट दिसतं. २५ मिमीचे चौकोनी ॲल्युमिनियमचे पाईप, प्रत्येकी २ मीटरचे, दोन. ते टेकवायला चार जॅक स्टँड किंवा विटांचे चार ठोकळे. स्टीलची ३०० मिमीची पट्टी, अर्ध्या मिमीच्या खुणांची आणि शून्य अगदी टोकाशी असलेली. शाळेच्या पट्टीत शून्याआधी रिकामी जागा असते, ती इथे चालत नाही. ओळंबा. लेव्हल पाईप, म्हणजे ८-१० मिमीची पारदर्शक नळी, १० मीटर. ०.१ अंश दाखवणारा डिजिटल अँगल गेज. नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप, पण ते कसं वापरायचं ते पुढे नीट वाचून. मार्कर, खडू, मास्किंग टेप, वही. कॅस्टर मोजायचा असेल तर गुळगुळीत फरशीचे ३०० मिमीचे चार तुकडे, ग्रीस आणि मागच्या चाकांखाली घालायला तेवढ्याच जाडीच्या फरश्या.

आधी गाडी तपासा

ढिल्या गाडीचे कोन मोजणं म्हणजे वाऱ्यावर हलणाऱ्या फांदीची लांबी मोजणं. आधी थंड टायरमध्ये दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. एका एक्सलवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत. स्टेपनी आणि जॅक जागेवर, डिकीतलं बाकी सामान बाहेर. मॅन्युअल टाकी भरलेली धरत असेल तर तेवढं इंधन भरा.

मग एकेक पुढचं चाक उचला, गाडी जॅक स्टँडवर ठेवा आणि चाक हलवून पाहा. घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवल्यावर खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ३ आणि ९ च्या जागी जाणवली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या टाय रॉडचे दोन सांधे. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचं रबर फाटलं असेल तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि टो बदलतो. उभ्या गाडीत आकडा छान येतो, रस्त्यावर गाडी भरकटते, अशी तक्रार असेल तर आधी हेच बुश पाहा. पार्ट बदलायचे असतील तर आधी बदला, मग मोजा.

चाक वर असतानाच रिम वाकडी आहे का तेही कळतं. रिमच्या कडेपासून २ मिमीवर एक तार स्थिर बांधा, चाक सावकाश फिरवा आणि फट किती कमी-जास्त होते ते बघा. खड्ड्यात आपटलेल्या स्टीलच्या रिममध्ये १-२ मिमीची लहर सहज असते, आणि १ मिमी म्हणजे ९ मिनिटं हे आपण पाहिलंच. रिम टाकून द्यायची गरज नाही; ही चूक कशी काढायची ते टो मोजताना येईल.

शेवटी चारही चाकांवर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजा. एकाच एक्सलवर डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे. तशा गाडीचा कॅम्बर मोजून फक्त स्प्रिंगचीच बातमी कळेल.

जमीन

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार ठेवलेला असतो. १०० ला १ असा उतार डोळ्यांना दिसतही नाही, पण तो ०.५७ अंश असतो. टो मोजताना त्याने फारसं बिघडत नाही. कॅम्बरमध्ये तो थेट मिसळतो.

चारही टायर जिथे टेकतात तिथे खडूने चौकोन काढा. गाडी बाजूला घेऊन लेव्हल पाईपने त्या चार जागांची उंची पडताळा. नळीत एकही बुडबुडा नको. बुडबुडा असेल तर पाणी खोटं बोलतं. डाव्या-उजव्या टायरमधलं अंतर १४५० मिमी आणि उंचीत फरक ५ मिमी असेल तर ०.२ अंशाची चूक होते. खालच्या बाजूला प्लायचे आणि सनमायकाचे तुकडे घालून फरक १ मिमीच्या आत आणा. सनमायकाचा तुकडा साधारण १ मिमीचा असतो, त्यामुळे थर मोजत जाणं सोपं पडतं. एवढं करायचा कंटाळा असेल तर कॅम्बरपाशी एक आडवाट सांगितली आहे.

गाडी खुणांवर आणताना नेहमी पुढे चालवत आणा, मागे घेत नाही. मागे घेतल्यावर बुशेस उलट्या बाजूने दाबले जातात आणि टो किंचित बदलतो. जागेवर आल्यावर पुढचा आणि मागचा बंपर प्रत्येकी तीन-चार वेळा दाबून सोडा. जॅकवरून उतरवलेली गाडी काही मीटर चालवल्याशिवाय मोजायचीच नाही. टायर जमिनीला चिकटून राहतात, सस्पेन्शन पूर्ण खाली बसत नाही आणि कॅम्बर भलताच येतो. हँडब्रेक लावू नका, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.

टो: दोरीची चौकट

नुसती एका बाजूने मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर दोरी ताणायची पद्धत बरेच जण वापरतात. ती चुकते, कारण बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन चाकांमधलं अंतर आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं, आणि मागच्या चाकाचा स्वतःचा टो त्या दोरीत मिसळतो. गाडीला टेकणारी दोरी नको; गाडीभोवती स्वतंत्र चौकट हवी.

दोन्ही पाईप एकत्र बांधा आणि एकाच वेळी दोघांवर करवतीने दोन-दोन खाचा पाडा. दोन खाचांमधलं अंतर आरसे सोडून गाडीच्या रुंदीपेक्षा १०० मिमी जास्त ठेवा. एकत्र बांधून खाचा पाडणं हा या पद्धतीचा गाभा आहे: दोन्ही पाईपांवरचं अंतर हुबेहूब सारखं असेल तरच दोऱ्या समांतर राहतील. अंतराचा आकडा नेमका किती, याने काही फरक पडत नाही. चौकट किंचित तिरकी बसली तरी चालतं.

एक पाईप पुढच्या बंपरपुढे, एक मागच्या बंपरमागे, स्टँडवर ठेवा. पाईपची उंची हबच्या मध्याइतकी. खाचांतून दोन्ही बाजूंनी तंगूस ताणा आणि टोकांना प्रत्येकी एक लिटर पाण्याची बाटली लटकवा. गाठ मारून ताणलेला दोर सैल पडतो, बाटलीने ताण कायम राहतो. दोरी कुठेही बंपरला, मडफ्लॅपला किंवा पत्र्याला टेकता कामा नये.

आता चौकट गाडीच्या मध्यावर आणायची. पुढच्या डाव्या हबच्या मध्यापासून दोरीपर्यंतचं अंतर आणि पुढच्या उजव्याचं, दोन्ही सारखी होईपर्यंत पुढचा पाईप सरकवा. मग मागचा. मागचा हलवला की पुढचं थोडं बिघडतं, पुन्हा पुढचा. अशा तीन-चार फेऱ्या लागतात. पुढच्या जोडीचं अंतर मागच्या जोडीइतकं असायला हवं असं नाही. डावं-उजवं जुळलं की पुरे, अर्ध्या मिमीच्या आत. हबचं प्लास्टिकचं झाकण एका बाजूला नीट बसलेलं आणि दुसऱ्या बाजूला वर आलेलं असेल तर तिथेच चूक होते, म्हणून चारही झाकणं काढून ठेवा.

स्टिअरिंग सरळ करा आणि सीटला दोरीने बांधून टाका. मग प्रत्येक चाकावर हबच्या उंचीवर रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर आणि मागच्या कडेपासूनचं अंतर मोजा. पट्टी दोरीला काटकोनात धरा, दोरीला ढकलू नका. पट्टीवर दोरी वरून डोळा लावून वाचा. डोळा तिरका असेल तर अर्धा मिमी सहज जातो. पुढचं वजा मागचं. उत्तर अधिक आलं तर टो-इन, उणे आलं तर टो-आउट.

रिमची लहर काढण्यासाठी एकदा मोजल्यावर गाडी थोडी मागे घ्या आणि पुन्हा पुढे आणत, चाक आधीच्या स्थितीपेक्षा अर्धा फेरा फिरलेलं असेल अशा जागी थांबवा. चौकट पुन्हा मध्यावर आणा, पुन्हा मोजा, दोन्हींची सरासरी घ्या. काम वाढतं, पण स्टीलच्या रिमवर याला पर्याय नाही.

एक नमुना पाहा. पुढचं डावं चाक: पुढे ६२.५, मागे ६१.०, म्हणजे अधिक १.५ मिमी. पुढचं उजवं: पुढे ६१.०, मागे ६१.५, म्हणजे उणे ०.५. एकूण टो-इन १ मिमी, ०.१५ अंश. बहुतेक छोट्या गाड्यांत एकूण टो शून्याच्या आसपास असतो, तेव्हा एकूण आकडा ठीक दिसतो. पण डावं चाक टो-इन म्हणून उजवीकडे बघतंय आणि उजवं टो-आउट म्हणून तेही उजवीकडेच. म्हणजे स्टिअरिंग सरळ धरलं तर गाडी उजवीकडे जाणार. सरळ चालवायला स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावं लागणार. टायर झिजणार नाही, पण स्टिअरिंग वाकडं. ‘अलाइनमेंट करूनही स्टिअरिंग तिरकंच’ या नेहमीच्या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं: एकूण टो जुळवला, चाकागणिक नाही जुळवला.

मागच्या चाकांचा टो मोजला नाही तर अर्धंच काम झालं. टॉर्शन बीमवर तो बदलता येत नाही, पण कळायला हवा. मागचं डावं अधिक २ मिमी आणि उजवं शून्य असेल तर फरकाचा निम्मा, १ मिमी म्हणजे ०.१५ अंशाने मागची चाकं गाडीला तिरकं ढकलतात. अशी गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी जराशी आडवी धावते. हा कोन मोठा असेल तर बीम वाकला आहे किंवा त्याचे बुश गेले आहेत. पुढच्या टाय रॉडांनी कितीही जुळवलं तरी मूळ दोष तसाच राहतो.

चौकट उभारायला जागा नसेल तर एकूण टो तरी दोन फळ्यांनी कळतो. ६०० मिमीच्या दोन सरळ फळ्या दोन्ही पुढच्या चाकांना टेकवा, टायरच्या खालच्या फुगीर भागाला नव्हे, रिमला. गाडीखालून दोन टेप ताणून फळ्यांच्या पुढच्या आणि मागच्या टोकांमधली अंतरं घ्या. ६०० मिमीवर १ मिमी म्हणजे जेमतेम ६ मिनिटं, त्यामुळे आकडा मोठा आणि वाचायला सोपा. डाव्या-उजव्याचा वेगळा हिशेब मात्र यातून मिळत नाही.

कॅम्बर

सर्वांत स्वस्त साधन ओळंबा. मडगार्डच्या कमानीवरून मास्किंग टेपने दोरी सोडा, ती हबच्या मध्यासमोरून जाईल अशी. वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, म्हणजे वाऱ्याने झुलत नाही. रिमच्या वरच्या कडेपासून दोरी किती आणि खालच्या कडेपासून किती ते मोजा. वरचं अंतर जास्त असेल तर माथा आत आहे, कॅम्बर उणे. ३८० मिमीच्या रिमवर अर्धा अंश म्हणजे ३.३ मिमी. चांगल्या उजेडात हा फरक सहज वाचता येतो.

डिजिटल गेज असेल तर २५ मिमीच्या पाईपचा एक तुकडा घ्या, त्याला रिमच्या व्यासाइतक्या अंतरावर सारख्याच लांबीचे दोन बोल्ट पायांसारखे लावा आणि ते पाय रिमच्या वरच्या व खालच्या कडेला टेकवा. पाईप थेट टायरला टेकवला तर जमिनीलगतची फुगलेली भिंत खालचं टोक बाहेर ढकलते आणि कॅम्बर आहे त्यापेक्षा उणे दिसतो.

मोबाइलचं ॲप ०.१ अंश दाखवतं, पण त्याचं शून्य अर्ध्या अंशानेही चुकीचं असू शकतं. त्यावर उपाय सोपा. एकदा मोजा, फोन उलट बाजूने फिरवून त्याच पाईपवर पुन्हा मोजा. दोन आकड्यांतली चूक विरुद्ध दिशांना जाते, सरासरीत ती निघून जाते. डिजिटल गेजलाही हीच परीक्षा द्यायला लावा.

आणि जमिनीची आडवाट ही. चारही जागा लेव्हल केल्या नसतील तर एकदा मोजल्यावर गाडी वळवून पुन्हा उलट्या तोंडाने उभी करा, पुढची दोन चाकं अगदी आधीच्या दोन पुढच्या खुणांवर येतील अशी. फक्त डावं चाक उजव्या खुणेवर आणि उजवं डाव्या. आता जमिनीचा उतार चाकाला उलट्या बाजूने लागतो. डाव्या चाकाचा आधी उणे ०.१ आणि नंतर उणे ०.७ आला, तर खरा कॅम्बर उणे ०.४ आणि जमिनीचा उतार ०.३ अंश. एवढ्या साध्या कृतीने तासाभराचं लेव्हलचं काम वाचतं, हे फार जणांना ठाऊक नसतं.

कॅम्बरच्या आकड्यात बघायची पहिली गोष्ट म्हणजे डाव्या-उजव्यातला फरक. दोन्हीकडे उणे ०.६ असेल तर गाडी निवांत चालते. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे उणे १.२ असेल तर ज्या बाजूचा कॅम्बर जास्त अधिकाकडे आहे त्या बाजूला ती ओढते. अर्ध्या-पाऊण अंशापलीकडचा फरक म्हणजे बहुधा वाकलेला स्ट्रट, नकल (हब धरून ठेवणारा, चाकाबरोबर वळणारा भाग) किंवा लोअर आर्म.

छोट्या गाड्यांत कॅम्बर जुळवायची वेगळी सोय बहुधा नसते. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत थोडी मोकळीक असते. ते सैल करून चाकाचा माथा हव्या बाजूला ढकलून घट्ट केले तर काही दशांश अंश मिळतात. काही ठिकाणी साखळी आणि हायड्रॉलिक जॅक लावून हाच भाग दाबून वाकवतात आणि त्याला ‘करेक्शन’ म्हणतात. आमचं मत स्पष्ट आहे: वाकलेला भाग उलटा वाकवायचा नसतो, बदलायचा असतो. कॅम्बर हलवला की टोही हलतो, म्हणून टो नेहमी शेवटी.

कॅस्टर

कॅस्टर थेट मोजता येत नाही. चाक बाहेर आणि आत वळवल्यावर कॅम्बर किती बदलतो, त्यावरून तो काढायचा. पुढच्या चाकांखाली फरशीचे दोन-दोन तुकडे ठेवा, गुळगुळीत बाजू समोरासमोर आणि मध्ये ग्रीस. मागच्या चाकांखाली तेवढ्याच जाडीच्या फरश्या, नाहीतर गाडीच पुढून उचलली जाते आणि मोजायचा आहे तोच कोन बदलतो. या कामात ब्रेक दाबलेला हवा; सीट आणि पेडलमध्ये लाकडी दांडा अडकवा.

२० अंशांसाठी पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापा, काटकोनाच्या बाजू ५०० आणि १८२ मिमी. ५०० ची बाजू दोरीला समांतर धरली की तिरकी बाजू २० अंश दाखवते. मोजायच्या चाकाला टेकवलेली फळी त्या बाजूला समांतर होईपर्यंत स्टिअरिंग फिरवा. दोन्ही चाकं एकाच वेळी २० अंशांवर येणार नाहीत. वळणात आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं अशीच रचना असते. म्हणून प्रत्येक चाक त्याच्या स्वतःच्या २० अंशांवर मोजायचं.

चाक बाहेर वळलेलं असतानाचा कॅम्बर, त्यातून आत वळलेलं असतानाचा कॅम्बर वजा करा आणि १.४६ ने गुणा. अधिक ०.९ आणि उणे १.३ आले तर फरक २.२, कॅस्टर ३.२ अंश. कोन २० ऐवजी १८ झाला तर उत्तर सुमारे १० टक्के कमी येईल. म्हणूनच एका चाकाच्या आकड्यापेक्षा दोन चाकांतला फरक जास्त भरवशाचा, कारण चूक दोन्हीकडे सारखीच शिरते. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. फरक १ अंशाच्या पुढे असेल तर लोअर आर्म किंवा त्याचा बुश मागे सरकला आहे का ते पाहा. अंगावर आलेला खड्डा चाकाला मागेच ढकलतो.

टो जुळवणं

टाय रॉडवरच्या लॉकनटला आधी गंज काढायचं तेल मारून ठेवा. रॅकच्या रबरी बूटची बाहेरची क्लिप सैल करा, नाहीतर रॉड फिरवताना बूट पिळला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथून पाणी आत जातं. दोन पाने लागतात: एकाने टाय रॉड एंड धरायचा, दुसऱ्याने नट सोडायचा.

टाय रॉडच्या आट्यांचं अंतर बहुधा १.५ मिमी असतं आणि टाय रॉड जिथे जोडतो तो नकलचा हात १२० मिमीच्या आसपास. त्या हिशेबाने पूर्ण एक फेरा म्हणजे सुमारे ०.७ अंश, १४ इंची रिमवर पावणेपाच मिमी. पाव फेऱ्याला सव्वा मिमीच्या आसपास. रॅक एक्सलच्या मागे असेल, आणि या धाटणीच्या बहुतेक गाड्यांत तो मागेच असतो, तर रॉड लांबवल्यावर टो-इन वाढतो. रॅक पुढे असेल तर उलट. फिरवण्याआधी रॉडवर मार्करने रेघ मारा, म्हणजे किती फिरवलं ते कळतं.

एकूण टो बदलायचा असेल तर दोन्ही बाजू सारख्याच फिरवा. वरच्या नमुन्यात एकूण टो बरोबर होता, फक्त चाकं उजवीकडे बघत होती. तिथे डावा रॉड पंचमांश फेरा आखूड आणि उजवा तेवढाच लांब. डावं दीडवरून अर्ध्या मिमीवर येतं, उजवं उणे अर्ध्यावरून अधिक अर्ध्यावर, आणि स्टिअरिंग सरळ. यानंतर गाडी १० मीटर पुढे-मागे चालवून, पुढे चालवतच खुणांवर आणून पुन्हा मोजा. लॉकनट आवळताना रॉड किंचित फिरतो, म्हणून शेवटचं मोजमाप नट आवळल्यानंतरचंच. गाडीला स्टॅबिलिटी कंट्रोल असेल आणि रॉड बराच फिरवला असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य स्कॅनरने पुन्हा लावून घ्यावं लागतं. दिवा लागला नाही तरी.

रस्त्यावर तपासताना आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात हे लक्षात ठेवा. हात सोडल्यावर गाडी सावकाश डावीकडे सरकणं हा तिचा दोष नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर पाहा. तरीही ओढत असेल तर काही जुळवण्याआधी पुढचे दोन टायर आपसांत बदला, टायर एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे नसतील तर. ओढ दुसऱ्या बाजूला गेली की दोष टायरचा, कोनांचा नव्हे.

टायरवरून तळहात फिरवूनही टो कळतो. बाहेरून आत हात गुळगुळीत सरकतो आणि आतून बाहेर येताना रबराच्या कडा बोचतात, तर टो-इन जास्त. उलट असेल तर टो-आउट.

काम झाल्यावर लॉकनट आणि रॉड दोघांवरून सलग जाणारी रंगाची एक रेघ ओढा. ५०० किलोमीटरनंतर वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. चौकट पुन्हा उभी करा.